हॉक माउंटनवर शिकारी पक्ष्यांचं स्थलांतर बघायला जाताना : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना पेनसिल्व्हेनियातलं हॉक माउंटन ‘फॉल कलर्स’ची एक जागा म्हणून ठाऊक असतं. ऑक्टोबरातल्या एखाद्या रविवारी दोन तास गाडी हाकायची, पार्किंगसाठी ताटकळायचं, धापा टाकत वर जायचं, दरी मागे घेऊन फोटो काढायचे आणि वीस मिनिटांत खाली. “नावात हॉक आहे, पण दिसलं काहीच नाही बुवा,” असं म्हणत घरी. त्याच वेळी शेजारच्या खडकावर थर्मास घेऊन बसलेल्यांनी दुपारपर्यंत शे-दीडशे पक्षी मोजलेले असतात. त्यांची नजर काही आपल्याहून वेगळी नसते. ती माणसं वारा बघून दिवस ठरवतात, आल्यावर चार तास जागची हलत नाहीत आणि आभाळाच्या नेमक्या कुठल्या पट्टीत बघायचं ते त्यांना माहीत असतं. हे कोणालाही जमण्यासारखं आहे, आणि पहिल्याच खेपेला जमावं म्हणून हा लेख.

१. आधी डोंगर समजून घ्या

हॉक माउंटन हे किटॅटिनी नावाच्या लांबलचक डोंगररांगेवरचं एक टोक. ही रांग न्यू जर्सीच्या वायव्य कोपऱ्यातून पेनसिल्व्हेनियात शिरते आणि ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जवळजवळ सलग भिंतीसारखी जाते. शरद ऋतूत कॅनडा आणि न्यू इंग्लंडमधून दक्षिणेला निघालेल्या पक्ष्यांची दिशाही साधारण तीच.

वायव्येचा वारा या भिंतीवर आडवा आदळला की त्याला वर चढण्याखेरीज वाट नसते. वर चढणाऱ्या त्या वाऱ्यावर पंख पसरून बसलं की पक्ष्याला एकदाही पंख न हलवता मैलोनमैल जाता येतं. फुकटचा प्रवास. दुसरी सोय उन्हाची : जमीन तापली की गरम हवेचे खांब वर उठतात, त्यांना थर्मल म्हणतात. पक्षी त्यात गोल गोल फिरत उंच जातो, मग पंख जरा आवळून पुढच्या खांबापर्यंत घसरत जातो. आज वारा जोरात आहे की ऊन, यावर पक्षी तुमच्या डोक्याजवळून जाणार की ढगांच्या उंचीवरून, हे ठरतं. पुढचं सगळं या दोन गोष्टींवर उभं आहे.

ही सोय शिकाऱ्यांनाही ठाऊक होती. १९२९ साली पेनसिल्व्हेनियाने गॉसहॉक हा शिकारी पक्षी मारणाऱ्याला पाच डॉलरचं बक्षीस लावलं, आणि शरदात लोक याच खडकांवर बंदुका घेऊन बसत. नेम गॉसहॉकवर धरायचा असं कागदावर होतं. प्रत्यक्षात जे उडेल ते पाडलं जाई. जंगलाच्या जमिनीवर रांगेने मांडलेल्या मेलेल्या पक्ष्यांची छायाचित्रं न्यूयॉर्कच्या रोझली एज यांनी पाहिली. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत तयार झालेल्या या बाईंनी १९३४ साली हा डोंगरच भाड्याने घेतला आणि मॉरिस आणि अर्मा ब्राउन या जोडप्याला राखणीला बसवलं. गोळीबार थांबला. पुढे डोंगर विकत घेतला गेला, आणि शिकारी पक्ष्यांसाठीचं जगातलं पहिलं अभयारण्य इथे उभं राहिलं. मॉरिस ब्राउन यांनी पहिल्या वर्षीच पक्षी मोजायला सुरुवात केली होती. दुसऱ्या महायुद्धातला खंड सोडला तर ती मोजणी आजही चालू आहे. डीडीटी या कीटकनाशकामुळे बॉल्ड ईगलची पिल्लं जगत नाहीत हे दाखवायला रेचल कार्सन यांनी १९६२ सालच्या आपल्या पुस्तकात इथलेच आकडे घेतले होते. तेव्हा वर वही घेऊन बसलेल्या माणसाला कृपया “टाइमपास चाललाय का?” असं विचारू नका.

२. महिना ठरवा

अधिकृत मोजणी १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर चालते आणि एका हंगामात साधारण अठरा हजारांच्या आसपास पक्षी नोंदले जातात. पण ते चार महिन्यांत सारखे वाटलेले नसतात, आणि प्रत्येक जातीची वेळ वेगळी.

सप्टेंबरचा मध्य ब्रॉड-विंग्ड हॉकचा. गणपतीच्या दिवसांच्या आसपास ही लाट येते. हा पक्षी थव्याने जातो. एका थर्मलमध्ये शेकडो पक्षी घिरट्या घालताना दिसतात, त्याला इथे ‘केटल’ म्हणतात. १९७८ च्या सप्टेंबरात एकाच दिवशी वीस हजारांहून जास्त पक्षी इथून गेले. याच महिन्यात ऑस्प्रे आणि केस्ट्रेलही असतात.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा शार्प-शिन्ड आणि कूपर्स हॉकचा, शिवाय मर्लिन आणि पेरेग्रिन या दोन ससाण्यांचा. पेरेग्रिन म्हणजे आपला बहिरी ससाणा. त्याचा भाऊबंद शाहीन ससाणा सह्याद्रीच्या कड्यांवर घरटं करतो, तेव्हा ट्रेक केलेल्यांची याच्याशी ओळख निघेल.

ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रेड-टेल्ड हॉक, रेड-शोल्डर्ड हॉक आणि मुख्य म्हणजे गोल्डन ईगल. पूर्व कॅनडातून येणारे हे गरुड हंगामात शंभराच्या पुढेमागे, म्हणजे दुर्मीळच. दिवाळीच्या सुमारास थंडीत कुडकुडायची तयारी असेल तर हा महिना. नोव्हेंबरात नशीब जोरावर असेल तर गॉसहॉकही दिसतो. बॉल्ड ईगल आणि हॅरिअर पूर्ण हंगामभर थोडे थोडे जातच असतात.

मला विचाराल तर पहिली खेप सप्टेंबरात नको. ब्रॉड-विंग्डचा मोठा दिवस नेमका कधी उजाडेल ते कोणी सांगू शकत नाही. सगळी लाट दोन-तीन दिवसांत निघून जाते, आणि गेली तरी ती इतक्या उंचावरून जाते की नवख्याला निळ्या आभाळापलीकडे काही दिसत नाही. त्यापेक्षा ऑक्टोबरचा दुसरा किंवा तिसरा आठवडा घ्या. एका दिवसात दहा-बारा जाती दिसू शकतात, आणि वारा असला तर पक्षी खाली, डोळ्यांच्या उंचीवरून जातात. ओळखायला शिकण्यासाठी याहून बरे दिवस नाहीत.

३. दिवस ठरवा – आणि इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. आपण तीन आठवडे आधी चार कुटुंबांचं जमवून ‘शनिवार अकरा वाजता’ असं ठरवतो आणि त्या शनिवारी नेमकं दक्षिणेचं दमट वारं आणि धुकं असतं. पक्षी त्या दिवशी बसून राहतात, किंवा दुसरीकडून जातात. आठवडा ठरवा, दिवस मात्र दोन दिवस आधी ठरवा.

हवामानाच्या नकाशावर निळ्या त्रिकोणांची रेघ दिसते ती शीत आघाडी, म्हणजे ‘कोल्ड फ्रंट’. ही रेघ ग्रेट लेक्सकडून पूर्वेला सरकताना दिसली की सुट्टीचा अर्ज तयार ठेवा. फ्रंट जाताना पाऊस पडतो. त्यानंतर आभाळ स्वच्छ होतं, तापमान उतरतं आणि वारा वायव्येकडे फिरतो. फ्रंटनंतरचा पहिला दिवस जोराच्या वाऱ्याचा : पक्षी रांगेला चिकटून, खालून, भराभर जातात. दुसरा-तिसरा दिवस मवाळ वाऱ्याचा आणि उन्हाचा : पक्षी भरपूर, पण उंच. नवख्यांना पहिला दिवस जास्त फळतो, फक्त टोपी सांभाळा.

ढगांचंही बघा. ‘किती छान निळंभोर आभाळ आहे!’ म्हणून निघाल तर फसाल. मोकळ्या निळ्यात उंचावरचा पक्षी मोहरीच्या दाण्याएवढा होतो आणि नजरेला टेकायला जागा राहत नाही. पांढऱ्या ढगांचे पुंजके असले की त्यांच्यावर काळी आकृती चटकन दिसते.

आदल्या दिवशी काय गेलं ते बघायला ‘हॉककाउंट’ हे संकेतस्थळ आहे. उत्तर अमेरिकेतल्या अशा शेकडो ठिकाणांचे रोजचे आकडे तिथे येतात. हॉक माउंटनच्या ईशान्येला, याच रांगेवर जी ठिकाणं आहेत त्यांचे आकडे वाढलेले दिसले तर आशा धरायला हरकत नाही. पण कालचा मोठा आकडा बघून आज धावत जाण्यात अर्थ नाही. कालचे पक्षी काल गेले. वारा आजचा बघा.

आणि शक्य असेल तर आठवड्याच्या मधला वार. ऑक्टोबरातल्या शनिवार-रविवारी पानांचे रंग बघणाऱ्यांची इतकी गर्दी असते की सकाळी उशीर झाला तर गाडी लावायला जागा मिळत नाही.

४. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं अशी लागत नाहीत. प्रवेशशुल्क आहे, ते व्हिजिटर सेंटरवर भरता येतं. अभयारण्याचे सदस्य असाल तर ते माफ, म्हणून सदस्यत्वाचं कार्ड असेल तर ते ठेवा. वर्षातून दोन-तीनदा सहकुटुंब जाणार असाल तर सदस्यत्वाचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. बाकी सामान असं :

- दुर्बीण, माणशी एक. तिघांत एक नेली तर पक्षी जाईपर्यंत हातांहात फिरवण्यातच वेळ जातो.
- बसायला फोमची चटई किंवा जाड उशी. वर नुसते वालुकाश्माचे खडक आहेत आणि नोव्हेंबरात त्यांचा गारठा हाडांत शिरतो.
- थरांचे कपडे, वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, हातमोजे. खाली स्वेटरमध्ये भागतं तिथे वर वाऱ्यात दात वाजतात.
- घोट्याला आधार देणारे, तळ घसरू न देणारे बूट. चपला, सँडल नकोत.
- पुढे झाप असलेली टोपी, गॉगल, सनस्क्रीन. दिवसभर तोंड आभाळाकडे असतं.
- पाणी आणि खाणं. वर काही मिळत नाही.
- गोचीड-प्रतिबंधक फवारा. पेनसिल्व्हेनियात गोचिडीतून लाइम रोग पसरतो, तेव्हा घरी आल्यावर मुलांचे पाय आणि कानांमागे नीट तपासा.
- कचऱ्यासाठी एक पिशवी. नेलेलं सगळं परत आणायचं.

खाण्याबद्दल अनुभवाचा सल्ला : दशम्या, धपाटे, पोळीचे रोल, थर्मासमध्ये चहा. चिवडा नको. वायव्येच्या वाऱ्यात चिवडा तुमच्या तोंडात जाण्याआधी शेजारच्या बाईंच्या केसांत जातो.

दुर्बिणीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पैसे इथेच वाया जातात. ८ x ४२ किंवा १० x ४२ असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवख्याने डोळे मिटून ८ x ४२ घ्यावी. दहापटीची घेतली की आभाळाचा तुकडा लहान दिसतो, हात हलला की चित्रही जास्त हलतं, आणि पक्षी सापडेपर्यंत तो पुढच्या परगण्यात जातो. ‘तीस पट’, ‘झूम’, ‘मिलिटरी’ असलं काही लिहिलेली स्वस्त दुर्बीण अजिबात नको. दीडशे डॉलरच्या आसपास चांगल्यापैकी दुर्बीण मिळते. पहिल्या वर्षी त्याहून जास्त घालवायची गरज नाही. चष्मा असेल तर ‘आय रिलीफ’ १५ मिलिमीटरच्या वर आहे का ते बघून घ्या, आणि डोळ्यांकडची रबरी वाटी खाली फिरवून वापरा.

घरून निघण्याआधी ती दुर्बीण आपल्या डोळ्यांना बसवून घ्या. दोन नळ्यांतलं अंतर जुळवा, उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावा झाकून उजव्या नळीवरचं छोटं चाक फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे. हे न करता दिवसभर धूसर बघून डोकं धरून परत येणारे खूप भेटतात.

फोनचा उपयोग नकाशा आणि घड्याळापुरता. ‘मर्लिन’ ॲप आवाजावरून पक्षी छान ओळखतं, पण वरून जाणारे शिकारी पक्षी सहसा तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. फोनच्या कॅमेऱ्यात पक्षी म्हणजे ठिपका. फोटो हवाच असेल तर चारशे मिलिमीटरच्या आसपासचं भिंग लागतं; पहिल्या खेपेला ते घरी ठेवा आणि बघायला शिका.

५. पोहोचायचं कसं

एडिसन-ब्रिजवॉटर भागातून २८७ वरून आय-७८ पश्चिम धरायचा. ॲलनटाउन मागे पडलं की लेनहार्ट्सव्हिलचा ३५ क्रमांकाचा एक्झिट घ्या, १४३ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला साधारण चार मैल, मग डावीकडे हॉक माउंटन रोड. शेवटचे सात मैल शेतांतून आणि मग घाटातून जातात. एडिसनहून रहदारी नसेल तर पावणेदोन ते दोन तास. डोंगरात फोनच्या रेंजवर विसंबू नका, नकाशा आधीच उतरवून ठेवा, आणि गॅस हमरस्त्यालाच भरून घ्या.

नऊपर्यंत वर टेकलेलं चांगलं. त्यासाठी घरून साडेसहाच्या आत निघावं लागतं, हे कुटुंबाला आदल्या रात्रीच स्पष्ट सांगा.

व्हिजिटर सेंटरमध्ये स्वच्छतागृह आहे. वर जाण्याआधी सगळ्यांनी जाऊन या, ‘मला नाही लागली’ म्हणणाऱ्यांनी तर नक्कीच. आदल्या दिवसापर्यंतचे आकडे तिथल्या फळ्यावर असतात. कुत्र्यांना पायवाटांवर परवानगी नाही. तुमचा टफी कितीही गुणी असला तरी तो घरीच. ड्रोन तर नाहीच नाही.

६. बसायचं कुठे

दोन मुख्य माथे आहेत. साउथ लुकआउट प्रवेशापासून काहीशे यार्डांवर, वाट सोपी. समोर दगडांची एक नदीच्या आकाराची पट्टी जंगलातून गेलेली दिसते, तिला ‘रिव्हर ऑफ रॉक्स’ म्हणतात. हिमयुगातल्या गोठण्या-वितळण्याने फुटलेले ते धोंडे आहेत.

नॉर्थ लुकआउट साधारण एक मैल पुढे, समुद्रसपाटीपासून सुमारे पंधराशे फुटांवर. वाट आधी रुंद आणि नंतर खडकाळ, शेवटी दगडी पायऱ्यांचा चढ. सिंहगड चढलेल्याला ही वाट म्हणजे काहीच नाही, पण पावसानंतर ओले दगड आणि त्यावर पडलेली पानं यांच्यावरून भलेभले घसरतात. मोजणी इथून होते आणि बघायलाही इथेच यायचं.

वर आलात की सगळ्यात पुढच्या खडकावर जाऊन उभं राहू नका. मागे बसलेल्यांच्या नजरेआड तुम्हीच येता. पाठीला टेकू मिळेल असा खडक शोधा, तोंड ईशान्येकडे. पक्षी तिकडूनच येतात. सकाळी ऊन उजव्या अंगाने डोळ्यांवर येतं, म्हणून झापवाली टोपी. खडकांच्या फटीत न बघता हात घालू नका. या डोंगरात रॅटलस्नेक आहेत. ते आपण होऊन वाटेला जात नाहीत, आणि थंडी वाढली की दिसतही नाहीत.

एका काठीवर प्लॅस्टिकचं घुबड लावलेलं दिसेल. शिकारी पक्ष्यांना घुबडाचा भारी राग. एखादा शार्पी (म्हणजे शार्प-शिन्ड हॉक) त्याच्यावर झडप घालायला थेट तुमच्या डोक्यावरून येतो. मुलांना त्या घुबडावर नजर ठेवायचं काम द्या, ती तासभर गप्प बसतात.

७. बघायचं कसं

नवखा माणूस आभाळात कुठेही बघतो, आणि दुर्बीण डोळ्यांना लावून भिरभिर फिरवतो. असं काहीच सापडत नाही.

समोर रांगेची कड जिथे आभाळाला मिळते ती रेघ पकडा. दुर्बीण तिच्यावर ठेवा, अशी की खालच्या चतुर्थांशात झाडं आणि वर आभाळ. डावीकडून उजवीकडे हळू, थांबत थांबत सरका. टोकाला पोहोचलात की थोडं वर करून परत या. मग दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी डोक्यावरचं आभाळ बघा, कारण दुर्बिणीतून बघणाऱ्यांच्या डोक्यावरूनच पक्षी निघून जातात. मग पुन्हा कड.

ठिपका सापडला की त्याच्यावरून नजर काढायची नाही. डोळे तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांकडे आणायची, डोळे दुर्बिणीकडे नाही. घराच्या बाल्कनीतून कावळ्यांवर याचा सराव करा.

दुसऱ्याला दाखवायचं कसं, यालाही इथे पद्धत आहे. ‘ते बघ, तिकडे!’ म्हटल्याने कोणालाच काही कळत नाही. समोरच्या रांगेवरच्या उंचवट्यांना एक ते पाच असे आकडे दिलेले आहेत, त्यांना ‘बम्प’ म्हणतात. उजवीकडच्या ठळक टोकाला ‘पिनॅकल’. ‘बम्प थ्रीवर, दोन बोटं वर, डावीकडे सरकतोय’ असं ओरडलं की सगळ्या दुर्बिणी एकदम वळतात. गेल्या गेल्या शेजारच्याला कोणता बम्प कितवा ते विचारून घ्या; सगळे आनंदाने सांगतात.

बारा ते दोन कंटाळा येतो. ऊन चढलं की पक्षी इतके उंच जातात की आभाळ रिकामं वाटतं. याच वेळी बहुतेक मंडळी उठून जातात आणि दुपारनंतर जे खाली येऊन जातं ते त्यांच्या हातून सुटतं. जेवण या वेळेत उरका आणि चारपर्यंत थांबा. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेल्यावर पाचच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा उतरायला वेळ ठेवा आणि खिशात टॉर्च.

८. ओळखायचं कसं : रंग विसरा

पुस्तकातलं चित्र हे झाडावर बसलेल्या पक्ष्याचं असतं. इथे तो अर्ध्या मैलावर काळी आकृती असतो. म्हणून आकार आणि पंख मारायची लय बघा. आधी जात ओळखण्याचा हट्ट नको, नुसता गट ओळखला तरी पहिल्या दिवसाची कमाई झाली.

*ब्युटिओ* (रेड-टेल्ड, ब्रॉड-विंग्ड, रेड-शोल्डर्ड) : रुंद पंख, आखूड पंख्यासारखी शेपटी, घिरट्या. ब्रॉड-विंग्ड कावळ्याएवढा, शेपटीवर जाड काळेपांढरे पट्टे. रेड-टेल्ड दणकट, पोटावर काळसर पट्टा. लाल शेपटी फक्त प्रौढांना.

*शार्पी आणि कूपर्स* : आखूड गोल पंख, लांब शेपटी. तीन-चार वेळा भराभर पंख, मग तरंगणं, पुन्हा पंख. तुम्ही गावाकडे शिक्रा उडताना पाहिला असेल तर ही लय ओळखीचीच आहे. या दोघांतला फरक अनुभवी लोकांनाही भांडायला लावतो. कूपर्सचं डोकं पंखांच्या पुढे आलेलं दिसतं, शेपटीचं टोक गोलसर, पंख मारणं जरा संथ. शार्पीचं डोकं पंखांत दडल्यासारखं, शेपटी टोकाला सरळ कापलेली. आकारावर जाऊ नका : मादी नरापेक्षा बरीच मोठी असते आणि मोठी शार्पी मादी छोट्या कूपर्स नराच्या जवळ जाते.

*ससाणे* (केस्ट्रेल, मर्लिन, पेरेग्रिन) : टोकदार पंख, सरळ वेगवान उड्डाण. दिसेपर्यंत गेलेले असतात. केस्ट्रेलची संख्या पूर्व अमेरिकेत घटत चालली आहे, म्हणून दिसला की मन भरून बघा.

*हॅरिअर* : लांब पंख उंचावलेले, कमरेवर पांढरा डाग. आपल्या माळरानांवर हिवाळ्यात येणाऱ्या भोवत्यांचा हा अमेरिकन नातलग.

*ऑस्प्रे* : पंख कोपरात मोडून इंग्रजी एम अक्षरासारखे. हा भारतातही हिवाळ्यात मोठ्या जलाशयांवर येतो.

*गरुड* : लांब, सपाट फळीसारखे पंख. डोकं आणि शेपूट पांढरी असलेला बॉल्ड ईगल मूलही ओळखतं, पण ती पांढरी व्हायला चार-पाच वर्षं लागतात. तोपर्यंत तो तपकिरी आणि ठिगळं लावल्यासारखा असतो, आणि नवखे त्याला हमखास गोल्डन म्हणतात. गोल्डनचं डोकं लहान आणि शेपूट लांब. बॉल्डचं डोकं आणि चोच पुढे बरीच आलेली. गोल्डनच्या पिल्लाच्या पंखांवर आणि शेपटीच्या मुळाशी स्वच्छ पांढरे डाग असतात, बॉल्डच्या पिल्लाचा पांढरेपणा अस्ताव्यस्त.

आणि सगळ्यात मोठा चकवा : *टर्की व्हल्चर*. इथलं गिधाड. मोठं, काळं, पंख व्ही आकारात वर आणि वाऱ्यात डावी-उजवीकडे डुलतं. पहिल्या तासात जो ‘गरुड, गरुड!’ ओरडतो त्याने बहुतेक वेळा हेच पाहिलेलं असतं. मोजणारे त्याला नुसतं ‘टीव्ही’ म्हणतात.

सुरुवातीला दहातले सहा पक्षी ‘कोण जाणे’ राहतात. मोजणाऱ्यांच्या तक्त्यातही ‘न ओळखलेले’ असा रकाना असतो.

९. मोजणाऱ्यांशी कसं वागायचं

तक्ता आणि हातातला मोजणी-क्लिकर घेऊन बसलेले लोक म्हणजे अभयारण्याचे कर्मचारी, स्वयंसेवक आणि देशोदेशीचे प्रशिक्षणार्थी. दर तासाला जातवार आकडा, वारा, ढग, तापमान असं सगळं ते लिहितात. प्रश्न विचारा, त्यांना आवडतं. पण आभाळात केटल चढलेली असताना नको. तेव्हा ते मनात शंभरापर्यंत पोहोचलेले असतात. शांत वेळ बघून ‘आज काय काय गेलं?’ असं विचारलं की अर्धा तास शिकवणी फुकट मिळते.

स्पीकरवर गाणी नकोत. व्हिडिओ कॉलवर पुण्याला दरी दाखवायची असेल तर जरा बाजूला, खालच्या आवाजात.

१०. आई-बाबा किंवा लहान मुलं सोबत असतील तर

भारतातून आलेले आई-बाबा ऑक्टोबरात बहुतेक इथेच असतात, आणि त्यांना घरी ठेवून जाणं काही बरं नाही. त्यांना साउथ लुकआउटवर न्या. वाट सोपी, बसायची सोय, आणि वारा असेल त्या दिवशी पक्षी तिथूनही दिसतात. एकाने त्यांच्याजवळ थांबायचं आणि बाकीच्यांनी वर जायचं, दुपारी अदलाबदल. गुडघे ठीक असतील आणि बाबांनी हट्ट धरलाच तर नॉर्थ लुकआउटला सोबत काठी द्या आणि उतरताना पुढे तुम्ही चाला.

सात-आठ वर्षांखालच्या मुलांना वर चार तास बसवणं हा मुलांवर आणि इतर सगळ्यांवर अन्याय. कड्याला कठडा नाही, हेही लक्षात घ्या. दोन तासांचा बेत करा.

११. इतक्या लांब जमणार नसेल तर

न्यू जर्सीतच मॉन्टक्लेअरला जुन्या खाणीच्या वर छोटासा माथा आहे, तिथे १९५७ पासून मोजणी होते. न्यूअर्कजवळच असल्याने सकाळचे दोन-तीन तास काढणं सोपं, आणि सप्टेंबरातल्या ब्रॉड-विंग्डसाठी जागा उत्तम. स्टोक्स स्टेट फॉरेस्टमधलं सनराइज माउंटन याच किटॅटिनी रांगेवर आहे. तिथे गर्दी कमी. हॅरिसबर्ग, मेकॅनिक्सबर्ग बाजूला राहणाऱ्यांना कार्लाइलजवळचं वॅगनर्स गॅप जवळ पडेल, आणि गोल्डन ईगलसाठी तर मी नोव्हेंबरात हॉक माउंटनपेक्षा तिथे जायला सांगेन. तिथले खडक मात्र अधिक टोकदार आहेत, तेव्हा उशी दुप्पट जाड घ्या.